हेमकुंडच्या वाटेवर : विरळ हवा, डोकेदुखी आणि एका डॉक्टरची चूक



एप्रिल-मे उजाडला की आमच्या पूर्ण्याच्या दवाखान्यात एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, बद्री-केदारला निघालोय, फिटनेसचं सर्टिफिकेट पाहिजे." मी बीपी बघतो, साखर बघतो, छातीला नळी लावतो आणि सही करतो. पाच मिनिटांचं काम. २०२२ पर्यंत मी एवढंच करत होतो. आता त्या माणसाला समोर बसवतो आणि पंधरा मिनिटं बोलतो. बाहेरचे पेशंट कुरकुरतात, पण तरी बोलतो. कारण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये हिमालयात माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि तिची किंमत माझ्या बहिणीला मोजावी लागली असती. आजचा लेख त्याच चुकीबद्दल आहे.

हेमकुंडच का?

पूर्णा हे रेल्वेचं गाव. इथून नांदेड गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. पंजाबातून सचखंड साहिबला येणाऱ्या भाविकांची रीघ आमच्या जंक्शनवरूनच जाते. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, याच मार्गावर मालगाडीचे गार्ड होते. या हुद्द्याला २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. दाजी त्याच्या आदल्याच वर्षी निवृत्त झाले, त्यामुळे ते शेवटपर्यंत गार्डच राहिले. सचखंड एक्स्प्रेसला वाट द्यायला त्यांची मालगाडी कितीदा लूपला उभी राहिली असेल, त्याची गणतीच नाही. त्या गाडीतल्या कुणीतरी एकदा फलाटावर त्यांना सांगितलं होतं, की गुरुजींच्या चरित्रात सात शिखरांमधल्या एका जागेचा उल्लेख आहे. मागच्या जन्मी त्यांनी तिथे तप केलं, अशी श्रद्धा आहे. तिथे वर एक तळं आहे, हेमकुंड. तेव्हापासून दाजींच्या डोक्यात ते तळं बसलं होतं.

"डॉक्टर, आपल्याकडं लोणारला तळं बघायला खाली उतरावं लागतं. तिथं वर चढावं लागतं म्हणे. एकदा बघू की."

निवृत्तीनंतर ठरलं. अक्का, दाजी, मी आणि माझी बायको. दाजींचं वय तेव्हा एकसष्ट. बीपीची एक गोळी चालू, बाकी ठणठणीत. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणं. चढाचा सराव करायला पूर्ण्यात डोंगर कुठला? आम्ही स्टेशनच्या दादऱ्यावर पाठीला पिशव्या अडकवून रोज वीस वेळा वर-खाली करायचो. दाजींना दम लागायचा नाही, मला लागायचा. त्यामुळे काळजी कुणाची करायची, तर माझी, असं घरात ठरून गेलं होतं.

इथेच पहिला गैरसमज. अंगातली ताकद आणि उंचीवरच्या हवेला शरीराने जुळवून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो आणि आयुष्यात व्यायाम न केलेल्यालाही कधी कधी होत नाही. कुणाला होईल, हे आधी तपासून सांगता येत नाही. आधी कधी झाला असेल, तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त, एवढं मात्र सांगता येतं.

घांघरियाची रात्र

हरिद्वारहून दिवसभर मोटारीने जोशीमठ. हे गाव साधारण १,९०० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदघाट, तिथून जीपने चार किलोमीटरवर पुलना, आणि मग पायी नऊ-दहा किलोमीटर चढून घांघरिया. घांघरियाची उंची साधारण ३,०५० मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपल्या राज्याच्या माथ्यावर उभं राहिलं, तरी उंचीचा आजार जिथे सुरू होतो त्या २,५०० मीटरच्या रेषेच्या आपण बरंच खाली असतो. म्हणूनच आपल्याकडच्या लोकांना, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांनाही, हा आजार पुस्तकातच भेटतो. मलाही तो तोवर पुस्तकातच भेटला होता.

संध्याकाळी पाचला पोचलो. सातच्या सुमारास दाजी म्हणाले, "डोकं जरा जड झालंय." मी म्हणालो, "ऊन लागलं असेल." जेवायला बसले आणि अर्धी पोळी टाकून उठले. दाजी ताटात पोळी टाकत नाहीत. अक्काने माझ्याकडे बघितलं. मी बॅगेतून ऑक्सिमीटर काढला. कोविडनंतर तो प्रत्येकाच्या घरात आहे, तसा माझ्याही बॅगेत होता. माझं ९१ आलं, दाजींचं ८८. तेवढ्या उंचीला हे आकडे फार वाईट नाहीत. मला तो आकडा हवाच होता. मी म्हणालो, "ठीक आहे." डोक्याला पॅरासिटामॉल दिली, पित्ताची एक गोळी दिली. रात्री त्यांना एकदा उलटी झाली. मी म्हणालो, "पित्त बाहेर पडलं, आता बरं वाटेल."

पूर्ण्यात रात्री कुणी असं सांगत आलं असतं, तर मी हेच बोललो असतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरलो असतो. पण मी पूर्ण्यात नव्हतो.

हवेत नेमकं काय कमी होतं?

लोक म्हणतात, वर ऑक्सिजन कमी असतो. ते अर्धंच खरं. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण पूर्ण्यातही २१ टक्के आणि हेमकुंडलाही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी म्हणून हवा विरळ, आणि हवा विरळ म्हणून एका श्वासात ऑक्सिजन कमी. समुद्रसपाटीला जेवढा मिळतो, त्याच्या साधारण ७० टक्के ३,००० मीटरवर मिळतो आणि चार हजारांच्या वर गेलं की ६० टक्क्यांच्या आसपास.

दाजींना नंतर मी हे त्यांच्या भाषेत सांगितलं. रक्त ही मालगाडी आणि तांबड्या पेशी हे तिचे डबे. गाडी तीच, डबे तेवढेच. पण लोडिंगच्या धक्क्यावर माल चढवणारे हमाल कमी झाले. डबे अर्धेमुर्धे भरूनच गाडी सुटते.

शरीर यावर उपाय करतं. श्वास जलद होतो, नाडी वाढते. मूत्रपिंडं रक्तातला क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणजे श्वास जलद ठेवणं शरीराला जमतं. नव्या तांबड्या पेशी तयार होऊ लागतात, पण त्याला आठवडे लागतात. या सगळ्याला वेळ हवा, आणि आपण तोच देत नाही. वेळ न देता वर गेलं की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, डोकं दुखतं, मळमळतं, भूक जाते, चक्कर येते, झोप लागत नाही. हा उंचीचा साधा आजार. बहुधा वर पोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतो. तिथेच थांबलं, तर एक-दोन दिवसांत बरा होतो. न थांबता वर गेलं, तर क्वचित मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी भरतं. ही दोन्ही दुखणी जीव घेतात.

या विषयाचं बरंच ज्ञान जगाला आपल्याच सैनिकांमुळे मिळालं. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरचे हजारो जवान घाईघाईने हिमालयात उंचावर पाठवावे लागले आणि त्यातले कितीतरी आजारी पडले. इंदर सिंग या भारतीय लष्करी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन'मध्ये छापला. आजही त्याचा दाखला दिला जातो. ते जवान तरुण होते, धडधाकट होते. त्यांच्या आजारपणात आपल्यासाठी एक धडा आहे, आणि तो वाचलेला असूनही मी घांघरियात विसरलो होतो.

सकाळ

पहाटे मी विचारलं, "दाजी, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

तेवढ्यावर मी थांबलो. दाजींना ठाऊक होतं, की ते नाही म्हणाले तर चौघांचंही राहील. अक्काने नवस केला होता. परतीची तिकिटं कन्फर्म होती. त्यांनी खोटं सांगितलं आणि मी ते खोटं आनंदाने घेतलं, कारण मलाही वर जायचं होतं. पेशंट लक्षणं लपवतो तेव्हा डॉक्टर चिडतात. पण कधी कधी डॉक्टरच असा प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर 'बरंय' एवढंच येऊ शकतं.

घांघरिया ते हेमकुंड सहा किलोमीटर. ऐकायला थोडं, पण एवढ्या अंतरात हजार मीटरहून जास्त चढ. वर मुक्काम करता येत नाही. सगळ्यांना त्याच दिवशी खाली यावं लागतं, म्हणून पहाटेच निघतात. वाटेला दगड टाकलेले आहेत, खेचरं जातात-येतात, चहाच्या टपऱ्या आहेत. खालून लक्ष्मणगंगेचा आवाज येत असतो.

निम्मी वाट झाली असेल. दाजी मागे पडले. मी वळून बघितलं तर ते डाव्या बाजूला झुकत चालत होते. एका खेचराला वाट देताना तोल गेला आणि ते दरीच्या कठड्यावर आदळले. मी म्हणालो, "दाजी, दमलात का?" ते म्हणाले, "गाडी किती लेट आहे?" मला वाटलं, चेष्टा करताहेत.

खेचरवाला गढवाली पोरगा, विशीचा. तो थांबला. त्याने दाजींच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अंकल को ऊपर मत ले जाओ. ये थकान नहीं है."

मी डॉक्टर आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि सांगावं असंही मला त्या क्षणी वाटलं नाही. मी दाजींना वाटेच्या आतल्या बाजूला, डोंगराकडे घेतलं आणि सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालायला सांगितलं. पोलीस दारू प्यायलेल्यांना चालायला लावतात, तसं. तिसऱ्या पावलाला ते कोसळले, मी धरलं म्हणून वाचले. ऑक्सिमीटर ७१ दाखवत होता. बोटं गार होती, म्हणजे आकडा थोडा चुकीचा असेलही. पण त्या तीन पावलांनंतर आकड्याची गरजच उरली नव्हती. तोल जाणं आणि असंबद्ध बोलणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते. वर स्कॅन कुठला? तिथे निदान चालण्यावरूनच करायचं आणि उपचार एकच, उतरायचं. लगेच.

खेचरावर ते बसू शकले नसते. डांडी केली. चौघा जणांनी त्यांना खांद्यावर उचलून घांघरियाला आणलं. तिथल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सूज कमी करणारं इंजेक्शन दिलं. थोडं सावरल्यावर आम्ही थांबलो नाही, त्याच दिवशी पुलन्यापर्यंत उतरलो. संध्याकाळी पुलन्यात दाजींनी डोळे उघडून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "भूक लागलीय." अक्का टपरीच्या बाकावर बसून रडली. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती, मलाही नाही.

रात्री गोविंदघाटला मी दाजींजवळ बसलो होतो. म्हणालो, "चूक माझी. रात्रीच थांबायला पाहिजे होतं." ते म्हणाले, "डॉक्टर, सिग्नल लाल झाला की आम्ही कारण विचारत नसतो. आधी थांबतो, कारण मग कळतं. तुमच्याकडं तसं नसतं का?"

तसंच असतं. पर्वतात जाणाऱ्यांचा जुना नियमही तोच आहे. उंचीवर कुठलंही दुखणं आलं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीचंच समजायचं.

पुन्हा, दोन वर्षांनी

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही परत गेलो. दाजींचाच हट्ट. यावेळी मी अटी घातल्या. जोशीमठला दोन रात्री, मधल्या दिवशी औलीला वर जाऊन परत खाली झोपायला. घांघरियात दोन रात्री, मधल्या दिवशी फुलांच्या घाटीत हळूहळू चालणं. दिवसा वर जायचं आणि झोपायला खाली यायचं, म्हणजे शरीराला हवेची ओळख होते. दाजींना आधी त्रास झालेला, म्हणून प्रतिबंधक गोळी निघण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू केली. आणि रोज सकाळी मी 'कसं वाटतंय' असं विचारलं नाही. विचारलं, "डोकं दहापैकी किती दुखतंय? रात्री कितीदा जाग आली? किती पोळ्या खाल्ल्या?" मग टाच-बोट चालायला लावलं. हॉटेलवाला हसायचा.

तिसऱ्या दिवशी चढलो. शेवटी दगडी पायऱ्यांची उभी वाट आणि खेचरांची वळणाची वाट, असे दोन रस्ते आहेत. आम्ही वळणाची घेतली. वीस पावलं चालायची, थांबायचं. कडेला दगडांच्या फटींत ब्रह्मकमळं उमललेली होती.

आणि मग धुक्यातून एकदम तळं. मी खूप निळं पाणी मनात धरून गेलो होतो. ते तसं नव्हतं. गडद, जवळजवळ काळं-हिरवं, अगदी स्तब्ध. भोवती शिखरं, पण त्यातली दोनच दिसत होती, बाकी ढगात. काठावर पंचकोनी गुरुद्वारा आणि शेजारी लहानसं लक्ष्मणाचं मंदिर. बर्फाच्या पाण्यात माणसं बुडी मारून धापा टाकत बाहेर येत होती. दाजींनी हातपाय धुतले, डोक्यावर पाणी लावलं, बस. तो आमचा करार होता. एवढ्या गार पाण्यात एकदम उतरलं की रक्तदाब झटक्यात वाढतो आणि नाडी बिघडू शकते. बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी तिथे बुडी मारू नये, देव हातपाय धुतलेलेही मान्य करतो.

लंगरमध्ये गरम खिचडी आणि गोड चहा मिळाला. दाजींनी दोनदा खिचडी घेतली. मी मोजत होतो. मग ते काठावरच्या फरशीवर गेले आणि मी न सांगताच टाचेला बोट लावून दहा पावलं चालले. वळून म्हणाले, "लाइन क्लिअर." पाऊण तासाने आम्ही खाली निघालो.

निघण्यापूर्वी एवढं वाचा

• २,५०० मीटरच्या वर पहिले एक-दोन दिवस आराम. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. केदारनाथ, हेमकुंड, लेह, अमरनाथ, सगळीकडे हेच.

• डोकेदुखीसोबत मळमळ, भूक न लागणं, चक्कर किंवा थकवा असेल, तर त्या दिवशी वर जायचं नाही. डोकेदुखीची गोळी आरामासाठी घ्या, वर चढण्यासाठी घेऊ नका.

• तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप, सततचा खोकला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, ओठ निळे पडणं, यातलं काहीही दिसलं की लगेच खाली. रात्र असली तरी, देव दहा पावलांवर असला तरी. त्या माणसाला एकटं सोडू नका. ऑक्सिजन मिळाला तर लावा, पण तो उतरण्याला पर्याय नाही.

• ऑक्सिमीटर जवळ असू द्या, पण आकडा चांगला आणि माणूस वाईट, अशा वेळी माणसावर विश्वास ठेवा.

• दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

• अॅसिटाझोलामाइड ही प्रतिबंधक गोळी उपयोगी आहे, पण मनाने घेऊ नका. सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार असेल तर अडचण होते. तिने लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. डोस इथे मुद्दाम लिहीत नाही, आपल्या डॉक्टरांना विचारा.

• हृदयविकार, नुकताच बसवलेला स्टेंट, ताब्यात नसलेलं बीपी, दमा, फुप्फुसाचा जुना आजार, रक्तक्षय, सिकलसेल, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर तिकीट काढण्याआधी या, काढल्यावर नको. मधुमेहींनी इन्सुलिन अंगाजवळ ठेवावं, ते गोठलं की निकामी होतं.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोविंदघाट ते हेमकुंड अशा १२.४ किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली आहे. तो झाला की दोन दिवसांची चढण तासाभराच्या आत होईल. म्हाताऱ्या माणसांसाठी ही मोठी सोय आहे. वर थोडाच वेळ थांबून लगेच उतरलं, तर उंचीचा आजार व्हायला तेवढा अवधीही मिळणार नाही. पण पाय दुखणार नाहीत म्हणून हृदय दुखणार नाही, असं समजू नका. वर पोचताक्षणी ऑक्सिजन तेवढाच कमी असेल आणि ज्यांचं हृदय आधीच अधू आहे त्यांना तो लगेच जाणवेल.

सर्टिफिकेट मागायला याल तेव्हा पंधरा मिनिटं काढून या. सोबत जाणाऱ्यांपैकी एकाला बरोबर आणा, कारण वर गेल्यावर तुमचा तोल जातोय हे तुम्हाला कळणार नाही, त्याला कळेल. आणि मी 'कसं वाटतंय' असं विचारून मोकळा झालो, तर मला पुन्हा विचारायला सांगा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या आजारांविषयी आणि औषधांविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)